काठीखालचे हात

टेंभुर्णीहून सोलापूरच्या एस.टी.त बसताना चन्नम्मानं स्वतःला बजावलं होतं, की ह्या खेपेला भावांच्या घरात तोंड उघडायचं नाही. चार दिवस मिळेल ते जेवायचं, मान डोलवायची, कार्यक्रमात टाळ्या वाजवायच्या आणि गुपचूप परत यायचं. पण गाडी मोहोळच्या स्टँडवर थांबली आणि प्रभुलिंगचा फोन आला. "चन्ने, इरकल साडी आणलीस ना? बरीतली आणलीस ना? स्टेजच्या समोर बसायचंय, फोटोत येतंय सगळं." बहिणीची तब्येत कशी आहे, गाडीत जागा मिळाली का, हे विचारायला त्याच्याकडं वेळ नव्हता. चन्नम्मानं फोन पिशवीत टाकला आणि निश्चय तिथंच स्टँडवर सोडून दिला.

तसंही तिनं तोंड उघडायची गरज नसायची. ते मिटलेलंच बोलायचं. वरचा ओठ उजवीकडून जरासा उचलला जायचा, नाकपुडी आखडायची, आणि समोरच्याला आपोआप कळायचं की आपली किंमत झालेली आहे. लग्न होऊन टेंभुर्णीला गेली त्याच आठवड्यात सासू शेजारणीला म्हणाली होती, "आमच्या सुनंचं त्वांड बगा. आमी सगळी शेणात उभी हाय असं बगती." नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, तो म्हणायचा, "गिऱ्हाईक आलं की तू आत बस." माहेरीही तेच. अप्पा बैठकीत कुणाला आपल्या मर्दुमकीची गोष्ट सांगायला लागले आणि दारात उभ्या असलेल्या पोरीकडं त्यांची नजर गेली, की त्यांचं वाक्य अडखळायचं. "हे कुणाचं घेतलंस गं तू?" एवढं म्हणायचे, आणि पाणी पिऊन येतो असं सांगून आत निघून जायचे. पाणी तर तांब्या भरून समोरच ठेवलेलं असायचं.

कुणाचं घेतलं हे चन्नम्मालाही ठाऊक नव्हतं. अप्पांचं नव्हतं, आत्यांचं नव्हतं. राहिली अव्वा, तिची आई. पण अव्वा गेली तेव्हा चन्नम्मा नुकती चालायला लागलेली. अव्वाचा घरात एकही फोटो नव्हता. गुरुलिंग सगळ्यांत थोरला, त्याला चांगलं आठवत असणार. त्याला तिनं लहानपणी विचारलं, लग्नात विचारलं, स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात तर रडून विचारलं, की अव्वा दिसायला कशी होती रे अण्णा. दर वेळी एकच उत्तर. "होती की. चारचौघींसारखी." शाळेत मुलांना निबंधात 'गाईचे वर्णन' पानभर लिहायला लावणारा हेडमास्तर, आणि आईचं वर्णन दोन शब्दांत. तेव्हापासून चन्नम्माच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

आणि अप्पांचा फोटो मात्र होता. नुसता होता म्हणजे काय, घरात दुसरं काही नव्हतंच म्हणा. भावांच्या जुळे सोलापुरातल्या बंगल्यात पाऊल ठेवलं की समोरच्या भिंतीवर तोच. त्यांच्या गावच्या, हिरेहळ्ळीच्या यात्रेतली काठीची मिरवणूक. अंगात पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा, छाती पुढं काढलेले अप्पा, म्हणजे चन्नमल्लप्पा कलशेट्टी, आणि त्यांच्या दोन्ही हातांत आकाशात गेलेली काठी. मागं गावातले लोक, दोर धरलेले गडी, वाजंत्री. खाली कमरेपासून पुढं काही दिसायचं नाही, कारण तिथं काचेच्या आत पुठ्ठ्याची जाड चौकट होती.

ही काठी म्हणजे हिरेहळ्ळीचा जीव. चार माणसं एकावर एक उभी केली तरी टोकाला हात पोचायचा नाही असा बांबू, टोकाला पितळी कळस, फुलांचे हार. बुंधा कमरेच्या चामडी पट्ट्यातल्या वाटीत टेकवायचा आणि एकट्यानं पेलायची. तोल सांभाळायला चार बाजूंनी चौघांनी दोर धरायचे. बाईनं तिला हात लावायचा नाही. आणि एकदा देवळातून उचलली की परत देवळात येईपर्यंत बुंधा मातीला टेकता कामा नये. टेकला की त्या घराचा मान गेला, पुन्हा त्या घराच्या हातात काठी नाही.

फोटोतल्या त्या दिवशी अप्पांनी ती कशी पेलली याची गोष्ट कलशेट्ट्यांच्या घरात पोरासारखी वाढली होती. चन्नम्माच्या लहानपणी अप्पांनी काठी देवळापासून वेशीपर्यंत नेली होती. तिच्या लग्नात ती ओढ्यापर्यंत गेली. अप्पा वारले त्या वर्षी ओढा ओलांडून परत आली. आणि प्रभुलिंग जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन गावच्या देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी झाल्यापासून तर अप्पांनी ती अंगात ताप असताना, निर्जळी उपास धरून, सगळ्या पंचक्रोशीतून फिरवून आणली होती, आणि एका दमात. हे दोघं भाऊ अजून दहा वर्षं जगले तर काठी अक्कलकोटला मुक्काम करून येईल, असं चन्नम्मा टेंभुर्णीत सांगायची.

आता कार्यक्रम असा होता. गावात काठ्या ठेवायला नवा निवारा बांधला होता. त्याच्या दर्शनी भिंतीवर हा फोटो माणसाहून मोठा करून लावायचा आणि त्याच दिवशी कमिटीनं जाहीर करायचं, की इथून पुढं काठीला पहिला हात कलशेट्टी घराण्याचा. कायमचा. प्रभुलिंग महिनाभर ह्याच्याच मागं होता. त्याला स्वतःला कोथिंबिरीची पिशवी उचलून जिना चढवत नव्हता, पण पहिला हात त्याचा.

चन्नम्मा पोचली तेव्हा बैठकीत सगळं घर गोळा झालेलं. गुरुलिंग आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर. प्रभुलिंग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून फोटोची चौकट उपडी घालून बसलेला, हातात पेचकस. त्याची बायको चंद्रिका चहाचा ट्रे घेऊन उभी. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा ओजस सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून बसलेला. पुण्यात तो कॉम्प्युटरचं काहीतरी करायचा. काय करायचा हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, पण अभिमान सगळ्यांना होता.

"ये," गुरुलिंग म्हणाला. "वेळेवर आलीस. फोटो उघडतोय. स्कॅन करायचाय."

"मला वाटलं माझ्यासाठी चहा करताय," चन्नम्मा म्हणाली आणि पिशवी कोपऱ्यात ठेवून टेकली.

मागचे खिळे निघाले, फळी निघाली, पुठ्ठ्याची चौकट निघाली. प्रभुलिंगनं फोटो दोन बोटांनी उचलून उजेडात धरला. वरचा भाग पिवळा पडलेला, आणि पुठ्ठ्याखाली झाकलेली खालची पट्टी काल काढल्यासारखी लख्ख. तिथं अप्पांचे पाय होते. आणि काठीचा बुंधा कमरेच्या वाटीत नव्हताच, तो खाली घोट्यापर्यंत घसरलेला होता. त्या बुंध्याखाली, अप्पांच्या पायांशी, एक बाई उकिडवी बसलेली. तिचे दोन्ही तळहात काठीखाली होते.

मग गुरुलिंगच्या तोंडातून हलकेच निघून गेलं, "अव्वा."

चन्नम्मा जागची उठली. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, हे सगळं ती त्या घडीला विसरली. "बगू," म्हणाली. "दे हिकडं."

प्रभुलिंगनं फोटो छातीशी धरला. "थांब, थांब. बोटांचे डाग पडतील." त्यानं मान वर करून थोरल्याकडं पाहिलं. "अण्णा, काठी पट्ट्यात नाही."

"त्या काळात फोटोवाल्याला लई वेळ लागायचा," गुरुलिंग म्हणाला. "काळं फडकं डोक्यावर घ्यायचा आणि आतच बसायचा."

"मामंजी दमले असतील," चंद्रिका म्हणाली.

"दमले असं बाहेर कुठं बोलू नकोस," प्रभुलिंग खेकसला. "आणि ही बाई काठीला हात लावून बसलीय. ही सिद्रामप्पाच्या नजरेला पडली तर संपलंच. तो म्हातारा अजून जिता आहे. त्या दिवशी दोराला होता."

सिद्रामप्पा म्हणजे गावातलं दुसरं काठीचं घर. पहिला हात आमचाच, असं त्याचंही म्हणणं होतं, आणि नव्वदीतही ते बोलायला त्याच्या अंगात दम होता.

"बाई न्हवं ती," चन्नम्मा म्हणाली. "अण्णा आत्ता काय म्हणाला ते आयकलं की मी."

गुरुलिंगनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मग पुन्हा कपाळावर नेला. "मला तसं वाटलं. नसेलही. गर्दीतली कुणीतरी असेल."

"गर्दीतली बाई अप्पाच्या पायाशी हात घालून बसती व्हय?"

तिनं हात पुढं केला तो तसाच राहिला. शेवटी चंद्रिकेलाच लाज वाटली असावी, तिनं नवऱ्याच्या हातातून फोटो काढून घेऊन नणंदेसमोर धरला. चन्नम्मानं चष्मा लावला. अव्वाचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. वर वळवलेला, अप्पांकडं बघणारा, एवढं कळत होतं. डोळे कसे, नाक कसं, काही कळत नव्हतं. ती आणखी वाकली तेवढ्यात प्रभुलिंगनं फोटो काढून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली.

"कार्यक्रम होऊ दे," तो म्हणाला. "मग निवांत बघ. जुनी वस्तू आहे, हाताळून खराब होते."

चन्नम्माला त्या क्षणी त्याची इतकी किळस आली की तिनं चहाचा कप तसाच बाजूला सारला. सगळ्या आयुष्यात आईचा एक चेहरा मागितला होता, तो सापडला, आणि हा रिटायर्ड कारकून त्याच्यावर कुलूप घालून बसला होता. तिनं त्याच्याकडं जे बघितलं ते त्याला सोसवलं नाही. "असं बघत जाऊ नकोस गं," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओजसनं नवी पेठेतल्या फ्लेक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलं आणि फोनवरच्या कुठल्याशा अॅपमध्ये घालून फोटोचा कायापालट केला. सगळे त्याच्याभोवती जमले. काळ्या-पांढऱ्याचा रंगीत झाला होता. अप्पांच्या फेट्याला भगवा, काठीच्या हारांना झेंडूचा पिवळा. अप्पांच्या गालावरचे देवीचे वण गेले होते, आणि मूळच्या चार केसांच्या मिशीच्या जागी एक झुबकेदार, तेल लावलेली मिशी उगवली होती. अप्पा स्वतः आले असते तर त्यांनी वाकून नमस्कार केला असता, हा कोण पाहुणा म्हणून.

"वा," गुरुलिंग म्हणाला. "करारीपणा आला बघ."

"अप्पा असेच होते," प्रभुलिंगनं सांगितलं. "फोटोत उतरलं नव्हतं तेव्हा."

"आत्या, ती खालची लेडीपण रिमूव्ह केली," ओजस म्हणाला. "एका टचमध्ये. कळतसुद्धा नाही."

चन्नम्मानं फोन हातात घेतला. अव्वा नव्हती. तिच्या जागी अॅपनं माती भरली होती, तपकिरी, वर चार हिरवी गवताची पातीसुद्धा. आणि त्या मातीत काठीचा बुंधा छान रुतून उभा होता.

तिनं एकेकाचं तोंड पाहिलं. मिशीकडं बघून तिघंही खूष होते. गुरुलिंग तर खाली लिहायच्या मजकुरात आपलं नाव 'श्री.' लावून घालायचं की 'गुरुवर्य', यात अडकलेला. जो बुंधा मातीला टेकला की घराण्याचा मान जातो, तो ह्या शहाण्यांनी आपल्या हातानं मातीत रोवला होता, आणि तोच फोटो गावाच्या भिंतीवर लावायला निघाले होते. तिथं उकिडव्या बसलेल्या बाईनं तळहात घातले म्हणून तो टेकला नव्हता, आणि तिलाच ह्यांनी पुसलं होतं. तिच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं तो गिळला. होऊ दे म्हणाली मनात. उघडं पडू दे सगळ्या गावासमोर. सिद्रामप्पाला एवढी करमणूक म्हातारपणी व्हायला हरकत नाही.

"झकास झालाय," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

रात्री मात्र तिला तो आनंद पुरेना. भावांची फजिती होईल, ठीक आहे. फजिती त्यांची रोजच व्हायची, त्यांना कळायची नाही एवढंच. पण कार्यक्रमानंतर तो मूळ फोटो प्रभुलिंग तिच्या हातात देईल हे काही खरं नव्हतं. फजिती झाल्यावर तर तो पहिल्यांदा खालची पट्टी कापून चुलीत घालील. आणि मग अव्वा पुन्हा चारचौघींसारखी.

सकाळी शेंगाची चटणी घेऊन येते असं सांगून ती रिक्षानं नवी पेठेत गेली. फ्लेक्सवाल्याचं दुकान तिला ठाऊक होतं, ती आल्यापासून घरात दुसरा विषयच नव्हता. दुकानात यंत्रं घरघरत होती आणि कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर जमिनीभर पसरलेलं होतं. ती त्या पुढाऱ्याच्या कानावरून चालत काउंटरला गेली.

"हिरेहळ्ळीचा फोटो छापलाव का?"

"संध्याकाळी छापायला लावतो, अक्का. कलशेट्टी साहेबांचा ना?"

"मी त्यांची भन. गुरुलिंगअण्णानी पाठवलंय. रंगीत न्हाय छापायचा. मूळचा छापायचा. खालपासून वरपर्यंत सगळा, काय कापायचं न्हाय, काय पुसायचं न्हाय."

फ्लेक्सवाल्यानं डोकं खाजवलं. "ओजससरांनी दुसरी फाईल दिलीय."

"ओजससर लहान हाय. अण्णा थोरला. इतिहासाची वस्तू हाय, तिला मिशा लावत्यात व्हय कोण?" चन्नम्मा आयुष्यात फार कमी वेळा खोटं बोलली होती, पण बोलली की स्वच्छ बोलायची.

त्यानं कॉम्प्युटरवर स्कॅन काढला. तिनं विनवलं, म्हणून त्या बाईचं तोंड मोठं करून दाखवलं. पडद्यावर नुसते करडे चौकोन आले. आणखी मोठं केलं, आणखी चौकोन.

"जवळनं असंच दिसणार, अक्का," तो म्हणाला. "मोठं छापल्यावर लांब उभं राहून बघा. मग जुळतंय सगळं."

"छाप," ती म्हणाली. "आणि गुंडाळून सरळ गावाला पाठव. घरी आणू नको, तितं जागा न्हाय."

परत येताना तिनं चटणी खरंच घेतली. प्रभुलिंगनं जेवताना ती दोनदा मागून घेतली आणि चन्नीला चटणीतलं कळतं असं प्रशस्तिपत्र दिलं.

हिरेहळ्ळीत कार्यक्रमाला निम्मं गाव लोटलं. निवाऱ्याच्या भिंतीवर पडदा सोडलेला. स्टेजवर कमिटी, हार, शाली, आणि मधोमध दोघं भाऊ, बाराबंदी शिवून घेतलेले. प्रभुलिंगच्या बाराबंदीचे बंद पोटावर पोचत नव्हते, ते चंद्रिकेनं सेफ्टीपिनांनी जुळवले होते. समोर पहिल्या रांगेत सिद्रामप्पा खुर्चीत, आधाराच्या काठीवर हनुवटी टेकून बसलेला. चन्नम्मा त्याच्या मागच्या रांगेत, इरकल नेसून, सांगितल्याप्रमाणे.

गुरुलिंगच्या भाषणाला माईक लागायचा नाही आणि निमित्तही लागायचं नाही, त्या दिवशी दोन्ही होतं. ताप, निर्जळी उपास, पंचक्रोशी, एक दम, सगळं सांगून झालं. "...आणि माझ्या वडिलांनी त्या दिवशी काठी क्षणभरही टेकवली नाही," असं म्हणून त्यानं हात केला आणि प्रभुलिंगनं दोरी ओढली.

पडदा पडला. काळा-पांढरा फोटो, माणसाहून मोठा, वणांसकट, चार केसांच्या मिशीसकट. आणि खाली, जमिनीलगत, अव्वा.

प्रभुलिंगचा हात दोरीवरच राहिला. ओजस स्टेजच्या बाजूला फोन लावायला लागला, कुणाला ते त्यालाच माहीत. लोकांत कुजबुज सुरू झाली. बाई हाय की रे. काठीला हात लावलाय. पट्ट्यात कुटं हाय काठी? खाली हाय की. टेकवली वाटतं.

सिद्रामप्पा उठला. दोघांनी धरून त्याला भिंतीपाशी नेलं. तो बुंध्यापाशी वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. प्रभुलिंगच्या सेफ्टीपिना उठत-बसत होत्या.

"टेकली न्हाय," म्हातारा म्हणाला. "बगा हितं. पदराची घडी हाय, खाली दोनी हात हायती. माती कुटंच लागली न्हाय." मग मान वळवून स्टेजकडं बघितलं. "ही नसती तर त्यो चन्नमल्ल्या काठीखाली मेला असता, आनि मान बी गेला असता. माज्या हातात दोर व्हता. आमी गप बसलो, कारन बाईनं इज्जत राखली, आता कशाला बोला."

चन्नम्माला वाटलं, आता तरी हे दोघं खाली बघतील. आता तरी लाज वाटेल. पण तिनं भावांना कमीच ओळखलं होतं. गुरुलिंगनं माईक हातात घट्ट धरला आणि एका श्वासात वळण घेतलं.

"हेच," तो कातर आवाजात म्हणाला, "हेच मला आपल्याला दाखवायचं होतं. माझी अव्वा. म्हणून मी मुद्दाम हा मूळ फोटो लावायचा आग्रह धरला. लोक म्हणतात काठीला बाईचा हात लागत नाही. आमच्या घराण्यानं साठ वर्षांपूर्वी दाखवून दिलं. पुरुषाच्या मागं नाही, पुरुषाच्या पायाखाली उभी राहून..."

"बसून," मागून कुणीतरी दुरुस्त केलं.

"...बसून, तिनं हा भार पेलला. रोज रात्री झोपताना तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येतो."

टाळ्या पडल्या. प्रभुलिंगनं डोळे पुसले. दोन दिवसांपूर्वी ज्या बाईला एका टचमध्ये पुसलं होतं, तिच्या नावानं आता त्याला हुंदका येत होता, आणि तो खोटा नव्हता, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं. उद्यापासून घरात हीच गोष्ट वाढेल. दोन-चार वर्षांत अव्वाच काठी घेऊन ओढा ओलांडेल.

चन्नम्मा खुर्चीवरून उठली. टाळ्या वाजवायला नाही. फ्लेक्सवाला म्हणाला होता लांबून बघा. ती भिंतीकडं तोंड ठेवूनच मागं सरकत गेली, खुर्च्यांच्या रांगांमधून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत, बायकांच्या मागं, शेव-चिवड्याच्या गाड्याच्याही मागं. जवळून जे नुसते ठिपके होते ते एकेक करून जवळ आले. कपाळ झालं. डोळे झाले. मग तोंड.

हाताचा चुराडा होत असताना अव्वा वर बघत होती, फोटोसाठी छाती काढून उभ्या राहिलेल्या अप्पांकडं. दुखतंय असं त्या तोंडावर नव्हतं. भक्ती तर मुळीच नव्हती. वरचा ओठ उजवीकडून जरासा उचललेला होता आणि नाकपुडी आखडलेली होती.

चन्नम्मानं गाड्याची कड धरली. आयुष्यभर ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली, ज्याच्यासाठी दुकानात आत बसली, ते तोंड तिचं नव्हतंच. तिच्यासाठी कुणीतरी ठेवून गेलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. अप्पा तांब्या समोर असताना पाणी प्यायला का उठून जायचे, हे तिला ह्या वयात हिरेहळ्ळीच्या मैदानात कळलं. फोटोवर पुठ्ठा कुणी आणि कशासाठी लावला, तेही कळलं.

तिला शोधत चंद्रिका मागं आली होती. तिनं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा नणंदेकडं. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमचंच तोंड की हे."

"न्हाय," चन्नम्मा म्हणाली. "माजं तिचं हाय."

स्टेजवर गुरुलिंग रंगात आला होता. अव्वानं त्याला मांडीवर घेऊन काय काय शिकवलं, ते सांगत होता. मधेच त्याला बहिणीची आठवण झाली. "माझी धाकटी बहीण चन्नम्मा इथं आहे, तिला विचारा, आम्ही भावंडं अव्वाची आठवण..." म्हणत त्यानं गर्दीत नजर फिरवली. ती त्याला सापडली, अगदी मागं, गाड्यापाशी. चन्नम्मानं काहीही केलं नाही. ओल्या डोळ्यांनी नुसती बघत राहिली, तिच्या नेहमीच्या तोंडानं. गुरुलिंगनं तिच्याकडं पाहिलं, मान वळवून भिंतीवरच्या, त्याला पाठ असलेल्या त्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं.

वाक्य पुरं झालं नाही. त्यानं माईक प्रभुलिंगच्या हातात दिला, घसा खाकरला, आणि समोर टेबलावर पाण्याची बाटली ठेवलेली असताना, पाणी पिऊन येतो म्हणून स्टेजवरून खाली उतरला.